मागे कुणी नाही

लेफ्कोनेरीच्या चौकात सेराफीम बात्सिस पोचला तेव्हा अकरा पस्तीस झाले होते आणि बीन्सच्या सूपसाठी लोक दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले होते. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत खोचलेला खराटा डोक्याच्या वर वीतभर येई, त्यामुळे चढाच्या वळणावर माणूस दिसायच्या आधी खराटा दिसायचा. चौकाच्या तोंडाशी फार्मसीवाली एवान्थिया यादी पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं दरवर्षीचा प्रश्न विचारला, त्यानं दरवर्षीचं उत्तर दिलं.

"मागे कुणी नाही."

एवान्थियानं घंटाघराकडे हात केला. गावचे पाद्री पापा-फोटिस दोराशी उभेच होते. तीन ठोके, भराभर. त्यानंतर मिनिटभरातच डोंगराच्या धारेपलीकडून कुत्र्यांचा गलका ऐकू आला.

ही तीन ठोक्यांची पद्धत कॉफीच्या दुकानात दोन संध्याकाळी भांडून ठरली होती. ऑक्टोबरातला रविवार म्हणजे रानडुकराच्या शिकारीचा दिवस. गावातली निम्मी धडधाकट माणसं त्या दिवशी बंदूक घेऊन डोंगरावर असतात. धर्मादाय दौड त्याच डोंगरावर आणि त्याच दिवशी ठेवली म्हणून शिकाऱ्यांचा म्होरक्या, क्लेआन्थिस खाटीक, टेबलावर हात आपटून म्हणाला होता की तुम्हाला धावायला वर्षाचे बावन्न रविवार आहेत, आम्हाला अठरा. शेवटी दोन अटींवर मिटलं. दौडीतल्या प्रत्येकानं पिवळा शर्ट घालायचा. आणि खराटा खाली येऊन घंटा होईपर्यंत एकही कुत्रा सुटणार नाही, एकही काडतूस नळीत जाणार नाही. घंटा झाली की डोंगर शिकाऱ्यांचा.

अशा दौडींमध्ये सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या माणसाला खराटाच म्हणतात. वाटेवर कुणी उरलेलं नाही हे बघत यायचं, एवढंच त्याचं काम. सेराफीमनं हे काम घेतलं त्या वर्षी लेफ्कोनेरीनं थट्टेनं त्याच्या पिशवीत खरा खराटा खोचला. थट्टा जुनी झाली, खराटा राहिला. क्लेआन्थिसनं तडजोडीच्या वेळी कागद मागितला नाही, सही मागितली नाही. तो म्हणाला, "सेराफीम सांगेल तेव्हा."

सेराफीमला गाव ओळखत होतं ते बसमुळे. एकतीस वर्षं त्यानं लेफ्कोनेरी–वोलोस गाडी चालवली. दार बंद करण्याआधी तो आरशात बघायचा, मग मान वळवून मागं बघायचा, मग खाली उतरून थांब्याच्या मागच्या गल्लीत डोकवायचा. कंडक्टर निकोस द्रोसोस त्याला म्हणायचा, "अरे, आता घरोघरी जाऊन विचारून ये, कुणाला यायचंय का." गाडी रोज सात मिनिटं उशिरा पोचायची. एकतीस वर्षांत त्याची तक्रार कुणी केली नाही, कारण त्या सात मिनिटांत प्रत्येकजण कधी ना कधी सापडला होता.

एकसष्टाव्या वर्षी, जानेवारीत, चाकांना बर्फाच्या साखळ्या लावताना त्याच्या छातीत कळ आली. गावच्या दवाखान्यात नुकतीच पास झालेली डॉक्टरीण होती आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. ईसीजी नव्हता. नेमकं काय झालंय ते तिला कळेना, आणि कळेना म्हणून काही देता येईना. त्याला त्याच्याच गाडीच्या मागच्या बाकावर आडवं करून वोलोसला नेलं. दुसराच कुणी तरी चालवत होता आणि प्रत्येक वळण तो चुकीचं घेतोय हे सेराफीमला पडल्या पडल्या कळत होतं. बायपास झाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं, रोज चाला. चालणं हे बस चुकलेल्यांचं काम, असं आजवर मानणारा माणूस वळणावळणावर दम घेत चालायला लागला.

पुढच्याच वर्षी गावच्या सांस्कृतिक मंडळानं दवाखान्याच्या ईसीजीसाठी पाच किलोमीटरची दौड काढली. धावा, चाला, सहा वर्षांचे या, शहाऐंशीचे या. हे यंत्र आपल्यामुळे येतंय हे सेराफीमला कुणी बोललं नाही, पण ते त्याला माहीत होतं. तो गेला आणि शेवटचा आला. दुसऱ्या वर्षीही शेवटचा. तिसऱ्या वर्षी एवान्थिया म्हणाली, नाही तरी तूच शेवटी येतोस, तर अधिकृतपणे ये. यंत्र केव्हाच आलं. आता दौड फिजिओथेरपीच्या खोलीसाठी होती, आणि खराटा अजून तोच होता.

यंदा एकशे एकेचाळीस जण निघाले. सेराफीमच्या पुढे शेवटी चालत होते ते निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको. दंतवैद्यांचा गुडघा सुजलेला, आणि तो सुजण्यात बायकोचा हात आहे असं त्यांचं म्हणणं. चेस्टनटच्या राईत दगडी वाटेला डावीकडे एक फाटा फुटतो. तिथून चव्वेचाळीस पायऱ्या उतरून गेलं की घळीत संत पारास्केवीचं खोलीएवढं चर्च आहे. दरवर्षी सेराफीम त्या पायऱ्या उतरायचा, चर्चचं दार ढकलायचा, मागच्या बाजूला एक फेरी मारायचा आणि तीनदा थांबत वर यायचा. यंदा सकाळपासूनच त्याच्या डाव्या खांद्याखाली काहीतरी आवळल्यासारखं होत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन तास ईसीजीच्या यंत्राला जोडून निजवून ठेवलं असतं आणि खराटा दुसऱ्याच्या पिशवीत गेला असता.

तो वरच्या पायरीवर उभा राहिला. खाली चर्चचं दार लावलेलं दिसत होतं. त्यानं तोंडाशी हात धरून दोनदा हाक मारली, एकदा शीळ घातली. उत्तर आलं नाही. दंतवैद्य पुढे गेले होते. सेराफीम त्यांच्या मागे निघाला.

हे सगळं तासाभरापूर्वीचं. आता तो चौकातल्या बाकावर बसून सूप पीत होता. तेवढ्यात एक अकरा वर्षांची मुलगी दोन वाट्या सांभाळत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. निकोस द्रोसोसची नात, असिमिना. गळ्यात लाकडी पदक होतं.

"काका, आजी कुठाय? तिचं सूप गार होतंय."

"तुझी आजी कुठे आली होती?"

"आली होती की. माझ्याबरोबर निघाली. मग राईत म्हणाली, तू पळ, मी दिवा लावून येते. तुम्ही मागं होतात ना?"

सेराफीमनं वाटी बाकावर ठेवली. मुलीला त्यानं आणखी एकच प्रश्न विचारला, आजीनं शर्ट घातलाय का. मुलगी म्हणाली, नाही, पिशवीत आहे. काळ्यावर पिवळं कसं घालायचं म्हणाली. आजोबांना जाऊन अजून चारच वर्षं झालीत.

तो उठून एवान्थियाकडे गेला. घाई दिसू नये इतपतच भरभर. यादीत त्यानं बोटानं नाव शोधलं; बाईच्या नावात द्रोसोसचं द्रोसू होतं. द्रोसू असिमिना, वय अकरा, निघाली, पोचली. खालच्याच ओळीत पुन्हा द्रोसू असिमिना, आणि त्या नावावर निळ्या पेनची सरळ रेघ.

थोरल्या मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचं नाव ठेवायचं, हा तिथला रिवाज. गावात अशा दुहेरी नावांची निदान वीस घरं असतील. एवान्थियाच्या स्वतःच्या घरात दोन एवान्थिया होत्या. पण ती यादी तिनं शनिवारी फार्मसीत गिऱ्हाइकं सांभाळत उतरवली होती. वयाचा रकाना आजीनं रिकामा सोडलेला. साठीच्या पुढच्या एकाही बाईनं तो भरला नव्हता. एवान्थियाला वाटलं, पोरीनं घाईत नाव दोनदा लिहिलं, एकदा वय घालायचं राहिलं. सकाळी चौकात नाव पुकारल्यावर दोन आवाजांनी "आहे" म्हटलं आणि तिनं एक खूण केली.

"मला वाटलं..." एवान्थिया म्हणाली. तिच्या हातातलं पेन यादीवर होतं तिथंच राहिलं.

घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती.

पुढची दोन-तीन मिनिटं ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. एवान्थियानं क्लेआन्थिसला फोन लावला, फोन बंद. असिमिनाबाईंचा मुलगा स्ताव्रोस शिकाऱ्यांतच होता. त्याचाही लागेना. घळीत रेंज नसते, आणि शिकारी तसेही फोन बंद ठेवतात, डुकराच्या वाटेवर तो वाजू नये म्हणून. त्यांचे आपसांत बोलायचे रेडिओ होते, पण सगळे डोंगरावर. दोन तरुण शर्टाच्या बाह्या वर करून वाटेनं पळत सुटले. राईपर्यंत त्यांना वीस मिनिटं तरी लागणार होती. सूपच्या भांड्याशी असिमिनाबाईंची सून हातात पळी धरून उभी होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत हे तिला समजत नव्हतं.

एवान्थिया म्हणाली, घंटा परत वाजवू या.

"तीन ठोके वाजवले तर त्यांना वाटेल कुणाचं तरी बारसं आहे," सेराफीम म्हणाला. मग तो पापा-फोटिसकडे वळला. "पापा, मयताची वाजवा."

मयताची घंटा म्हणजे एक ठोका, मग दहा-बारा सेकंद काही नाही, मग पुन्हा एक. लेफ्कोनेरीत ती ऐकून कुणी थांबत नाही असं होत नाही. जो जिथं असेल तिथं थांबतो, टोपी काढतो, छातीवर क्रूस करतो, आणि मग पहिला प्रश्न विचारतो, कोण गेलं. डोंगरावरचा माणूस हे विचारायला धारेवर, रेंजमध्ये येतोच.

पापा-फोटिसना ते कळलं. कळूनही त्यांचा हात दोराकडे गेला नाही.

"जिवंत बाईच्या नावानं? तिच्या सुनेच्या, नातीच्या देखत? सेराफीम, हे मी करणार नाही. असं ओढवून घेऊ नये."

"तिच्या नावानं नकोच. माझ्या नावानं वाजवा."

"तू माझ्यासमोर उभा आहेस."

"हो, पण माझं कुणालाही खरं वाटेल. कोण गेलं विचारलं की सांगायचं, सेराफीम. आणि लगेच सांगायचं, बंदुका मोडून काडतुसं काढा, असिमिनाबाई घळीत आहेत. कुत्री आवरा."

धारेपलीकडे कुत्र्यांचा आवाज बदलला. मघाशी तो विखुरलेला होता, आता एकाच बाजूला सरकत होता, खाली. त्यांना माग लागला होता. पापा-फोटिसनी एकदा डोंगराकडे पाहिलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि दोर ओढला.

पहिल्या ठोक्याला चौक उठून उभा राहिला. ज्यांना ठाऊक होतं ते उठले आणि ज्यांना ठाऊक नव्हतं तेही. सेराफीम तोवर चढाला लागला होता. एवान्थिया मागून ओरडली की पोरं गेलीत, तू कुठं निघालास. पोरं सरळ वाटेनं पळत जातील, चर्चकडे वळणार नाहीत, असं तो चालता चालता म्हणाला. त्यातलं तिला किती ऐकू गेलं कोण जाणे.

चढ त्याच्या ओळखीचा होता. कुठं थांबायचं ते ठरलेलं होतं. पाण्याच्या कुंडाशी, मग पडक्या गोठ्याशी, मग वळणावरच्या सपाट दगडावर. कुंडाशी तो थांबला नाही. खांद्याखालचं आवळणं कोपरापर्यंत उतरलं होतं. जिभेखाली ठेवायची गोळी त्यानं खिशातून काढली आणि चालता चालता तोंडात टाकली. घंटेचा एक ठोका, मग कुत्री. ठोका, मग कुत्री. मधल्या वेळात त्याला आपलाच श्वास ऐकू येत होता आणि तो ऐकण्यासारखा नव्हता.

गोठ्यापाशी असताना गोळी सुटली. एकच. घळीच्या बाजूनं की पलीकडून, ते कळलं नाही. त्या डोंगरात आवाज फिरून येतो.

सेराफीम उभा राहिला. त्याला आठवलं ते सकाळी पाहिलेलं बंद दार. वारा दिव्याला लागू नये म्हणून बाया दार आतून लावून घेतात. हे त्याला माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि ते दार लावलेलं पाहून तो समजला होता, आत कुणी नाही.

पुढचा चढ तो कसा चढला हे त्यानं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. राईपाशी आला तेव्हा कुत्र्यांचा आवाज थांबला होता. दूर कुणीतरी शिंग फुंकत होतं, लांब लांब, कुत्री परत बोलवायचं. वर, वाटेवर खूप पुढे, पळत गेलेल्या दोन तरुणांच्या हाका ऐकू येत होत्या. ते फाटा ओलांडून गेले होते.

पायऱ्यांच्या मध्यावर असिमिनाबाई बसल्या होत्या. डोक्याला काळा रुमाल, काळा झगा, मांडीवर काळी पिशवी. पिशवीच्या तोंडाशी पिवळ्या शर्टाची घडी आणि तिच्यावर पसाभर चेस्टनट. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि तरी त्यांना सेराफीमपेक्षा कमी दम लागला होता.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

सेराफीम त्यांच्या वरच्या पायरीवर दम घेत टेकला.

"अरे, घंटा वाजतेय केव्हाची. मी दार उघडून बाहेर आले, ती ऐकली आणि खालीच बसले. म्हटलं, सूनबाईचे वडील असणार, आजारीच होते. कोण आहे? बोल की. तोंड पांढरं पडलंय तुझं."

"कुणी नाही, वहिनी."

"कुणी नाही तर वाजतेय कशी? लपवू नकोस माझ्यापासून. निकोस गेला तेव्हाही तुम्ही सगळे असेच लपवत होता."

"माझ्या नावानं वाजतेय."

असिमिनाबाईंनी तीनदा थुंकल्यासारखं केलं, दृष्ट लागू नये म्हणून, आणि मग त्याला शिव्या घातल्या. जिवंतपणी असं कुणी करतं का, निकोस असता तर तुझ्या कानाखाली मारली असती, एकतीस वर्षं वोलोसला हेलपाटे घालून शेवटी डोकं ठिकाणावर राहिलं नाही. सेराफीमनं सगळं ऐकून घेतलं. ऐकण्यात दम परत यायला वेळ मिळत होता.

त्या बोलत असतानाच घळीच्या पलीकडच्या अंगाला, नेच्यांच्या झुडपांतून, स्ताव्रोस बाहेर आला. हातात टोपी होती. बंदूक मोडून दंडावर टाकलेली, दोन्ही नळ्या रिकाम्या. त्यानं आईकडे पाहिलं आणि तिथंच थांबला. आई म्हणाली, तू इथं काय करतोयस, टोपी घाल, घाम आलाय, वारं लागेल. मग चेस्टनटची पिशवी त्याच्याकडे न देता स्वतःच घेऊन ती पायऱ्या चढायला लागली.

स्ताव्रोस तिच्यामागून वर आला आणि सेराफीमच्या शेजारी उभा राहिला. आई दहा पायऱ्या पुढे गेल्यावर तो बोलला, समोर बघत.

"इथंच होतो मी. त्या दगडाशी. कुत्री डुक्कर खाली आणत होती. दाराशी काळं काहीतरी हललं."

सेराफीमनं त्या दगडाकडे पाहिलं.

"नेम धरला होता, काका. बोट घोड्यावर होतं. घंटा झाली. टोपी काढायला हात वर नेला." त्यानं हातातली टोपी उलटी करून आत पाहिलं, जणू तिच्यात काही राहिलं होतं. "टोपी काढेपर्यंत ती पायरीवर येऊन बसली होती. मग मला कळलं."

"मघाशी ती गोळी कुणाची?"

"क्लेआन्थिसची. पलीकडे. कुत्र्यांच्या गलक्यात त्याला घंटा ऐकूच गेली नाही. चुकली."

खालून घंटेचा आणखी एक ठोका आला. सेराफीमनं कठड्याला धरून उठून पाहिलं. पाय उभे राहिले.

"सकाळी मी उतरलो नाही इथं," तो म्हणाला. "छातीत दुखत होतं. वरनंच हाका मारल्या आणि गेलो. खाली जाऊन सांगितलं, मागे कुणी नाही. एवान्थियाच्या यादीवर सगळे ढकलतील. यादी नंतरची. आधी मी."

स्ताव्रोसनं मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते दोघांनाही ठरवायचं नव्हतं.

"आईला नका सांगू," तो म्हणाला.

"तुझं नाही सांगणार. माझं सांगावं लागेल. चौकात."

वरून असिमिनाबाईंचा आवाज आला. त्या पायऱ्या संपवून वाटेवर उभ्या होत्या. दोघं पुरुष अजून मध्यावरच आहेत हे बघून त्यांनी विचारलं, ही काय प्रेतयात्रा आहे का. स्ताव्रोसनं सेराफीमच्या काखेत हात घातला आणि दोघं चढायला लागले.

राईच्या बाहेर, धारेवर, सेराफीमचा फोन खिशात थरथरायला लागला. एकवीस कॉल येऊन गेले होते. धारेवर आलेल्या पहिल्या शिकाऱ्यानं कॉफीच्या दुकानात फोन करून कोण गेलं विचारलं होतं, आणि दुकानदारानं सांगितलेल्यातला पहिला शब्द सगळ्यांत पुढे गेला होता. बाकीचं मागून पोचत होतं. लारिसाला दिलेल्या बहिणीचा कॉल त्याच वेळी लागला. ती रडत होती आणि दफन कधी आहे ते विचारत होती. सेराफीम म्हणाला, अगं मीच बोलतोय. तिला ते पटेना. आवाज तुझा नाही, ती म्हणाली, कोण आहात तुम्ही, त्याचा फोन तुमच्याकडे कसा.

असिमिनाबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"जिवंत आहे तो," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर उभा आहे. आत्ता काही विचारू नकोस त्याला, बाई. दम लागलाय."